ज्याच्या नावानं गायचं नाही

या, असे जवळ सरका... भिंतीला टेकून दूर बसू नका. कीर्तनाला बसतात तसे गुडघ्याला गुडघा लावून बसा, म्हणजे आवाज चढवावा लागणार नाही. कारण ही गोष्ट चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका घराची गोष्ट आहे. त्या घरात देवाचं नाव सकाळ-संध्याकाळ गायलं जात होतं, आणि तरीही तीन वर्षं तिथे एक बाई श्वास कोंडून जगत होती. शेवटपर्यंत बसा. रडू आलं तर येऊ द्या!

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत पद्माकरबुवा भांबळ कपडे काढत होते. दोन हजार सहाचा ऑक्टोबर. शेजारच्या देशातली रानं जळत होती, त्यांचा धूर समुद्र ओलांडून आला होता, आणि समोरचा ब्लॉक दिवसाढवळ्या पुसट दिसत होता. खिडकीखालच्या भिंतीत लोखंडी नळ्या बसवलेल्या होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे त्या नळ्यांत बांबूच्या काठ्या खोचून कपडे बाहेर हवेत वाळत घालायचे. सत्तरीचे बुवा ती लांब काठी दोन्ही हातांनी धरून थरथरत आत ओढत होते.

संजीवनी नुकतीच हॉस्पिटलमधून आली होती. नर्सचा पांढरा गणवेश अजून अंगावरच होता. ती धावली.

"आबा, द्या इकडे. मी काढते ना!"

"नको." बुवांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "कपडे मीच काढत जाईन. तुझ्या सांगण्यावरून एकजण खिडकीशी गेला, तेवढा पुरे झाला या घराला."

नऊ वर्षांची एस्तेर टेबलाशी गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल क्षणभर थांबली. तिनं आईकडे पाहिलं, आणि मग पुन्हा खाली मान घातली... त्या एका नजरेत जे होतं, ते बुवांच्या शब्दांपेक्षा शंभरपटीनं जड होतं!

संजीवनी कधीच उलटून बोलत नसे. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीकडे पाठ केली. कारण त्या वेळी, तिन्हीसांजेच्या त्या ठरलेल्या घटकेला, खिडकीत कुणी नसलं तरी तिला तिथे शर्ट दिसायचे. ओले, निळे, वाऱ्यानं फुगलेले शर्ट... रिकाम्या बाह्या हळूहळू भरत जायच्या, जणू कुणी आतून हात घालतंय. आणि पाणी ठिबकायचं. खालच्या पत्र्यावर टप्... टप्... टप्. तीन वर्षांत ते ठिबकणं एकदाही थांबलं नव्हतं.

प्रबोध तिचा नवरा, बुवांचा एकुलता एक मुलगा. नेवाशाजवळच्या एका गावातून शिकत शिकत सिंगापूरला आलेला, चिप बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर. दोन हजार तीनच्या जूनमध्ये, पावसानं निसरड्या झालेल्या त्या खिडकीतून कपडे काढताना तो तोल जाऊन पडला. असं संजीवनीनं पोलिसांना सांगितलं. "मीच म्हटलं त्यांना, पाऊस आलाय, कपडे काढा..." असं तिनं सांगितलं, आणि कागदावर अपघात नोंदला गेला. अशा बातम्या त्या शहरात अधूनमधून वर्तमानपत्रात येतच; कोणी शंका घेतली नाही.

आणि मग पद्माकरबुवा आले. पन्नास गावांत ज्यांचं ख्रिस्ती कीर्तन गाजलेलं, ज्यांच्या चिपळ्या वाजल्या की बायका चुलीवरची भाजी उतरवून धावायच्या, ते बुवा मुलाच्या शवपेटीशी उभे राहिले आणि असे गायले, असे गायले की बेडोकच्या चर्चमधल्या तमिळ मंडळीचे पाळक, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तेही ओक्साबोक्शी रडले! पूर्वरंगात त्यांनी आज्ञाधारक पुत्राचं वचन घेतलं, उत्तररंगात आपल्या प्रबोधचं आख्यान लावलं: बायकोच्या एका शब्दासरशी उठला, आणि गेला. बाजाच्या पेटीवर साथीला कोण होतं? संजीवनी! लग्नानंतर बुवांनीच तिला पेटी शिकवली होती. आपल्याच दोषाचं आख्यान तिनं सूर देऊन पुरं केलं. एक पट्टी चुकली नाही.

बुवा परत गेले नाहीत. नातीसाठी राहिले. आणि दोष घरातच राहिला, चौथ्या माणसासारखा.

त्या संध्याकाळी चहा उकळत असतानाच दारावर टकटक झाली. निशिकांत आला होता. बुओना व्हिस्टाला एका कंपनीत मॅनेजर, आणि बेडोकच्या त्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी भरणाऱ्या मराठी मंडळीचा सेक्रेटरी. मागोमाग सुबोध, क्लेमेंटीच्या विद्यापीठातला संशोधक, दोन दिवस झोपला नसावा असा चेहरा. आणि त्या दोघांच्या मध्ये, कुणीतरी हाताला धरून आणल्यासारखी, सुती साडी नेसलेली एक बाई.

"सलाम, बुवा," निशिकांत म्हणाला. "या सविताबाई आवळे. मिरजेहून आज सकाळी उतरल्या. आपल्या... आपल्या उल्काच्या आई."

संजीवनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. उल्का! रविवारी तिसऱ्या रांगेत बसणारी, पंचवीस वर्षांची, हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी. क्लेमेंटीला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. मंगळवारी ती गेली होती. कशी, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. तिनं स्वतःच आपल्या हातानं...

संजीवनीनं सविताबाईंना आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. ती बाई पलंगाच्या कडेला अशी बसली, जणू पलंगही परका आहे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते लोक काय ठरवायला बसलेत, मला कळतंय हो. मला काही जास्त नको. एवढंच की माझी पोर गाण्याशिवाय जाऊ नये. तिला गाणं फार आवडायचं."

बाहेर बैठक सुरू झाली होती. मराठी मंडळीला स्वतःचा पाळक नव्हता. तमिळ पाळकांनी सांगितलं होतं, तुमची मुलगी, तुमची भाषा, तुम्हीच प्रार्थनेनं ठरवा. शनिवारी सकाळी मंडाईच्या स्मशानभूमीत अग्निसंस्कार. तिथे मंडळीची उपासना आणि कीर्तन होणार की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

निशिकांतनं छापील कागद काढला. "मी वाईट माणूस नाही, बुवा. पण वचन काय म्हणतं, ते आधी बघायला हवं. खून करू नको, ही आज्ञा आहे. त्यात स्वतःचाही आलाच. शौल राजा तलवारीवर पडला. येशूला दगा देणारा यहूदा इस्कर्योत, त्यानंही..."

"शमशोन!" सुबोध मध्येच म्हणाला. "शमशोनानं शत्रूंच्या देवळाचे खांब ओढले तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं का, छप्पर आपल्यावरही पडणार? आणि बायबलातल्या इब्री लोकांच्या पत्रात तो विश्वासवीरांच्या यादीत आहे, निशिकांतदादा."

"तो लढाईत मेला. गोष्ट वेगळी आहे."

"उल्काही लढतच होती. तुम्हाला दिसली नाही, एवढंच."

"अरे, पण माझं ऐक की!" निशिकांतचा आवाज फाटला. "क्लेमेंटीला आपली आणखी सात पोरं एकेकट्या खोल्यांत राहतात. उद्या मंडळीनं फुलं वाहिली, कीर्तन केलं, आणि त्यातल्या एकाला वाटलं की हेही चालतं... तर? तर मी कोणाला तोंड दाखवू? माझी भीती ती आहे."

दोघंही बुवांकडे पाहू लागले.

पद्माकरबुवांनी डोळे मिटले. आणि मग त्या धुरकट संध्याकाळी, भर बैठकीत, अगदी हळू आवाजात, त्यांनी तो अभंग म्हटला. स्वतः रचलेला. चाळीस वर्षं यहूदाच्या आख्यानाच्या शेवटी गायलेला.

*आपुलिया हाते, दिवा मालविला,*
*अंधार वरिला, ज्याने देवा...*
*त्याचिया नावाने, नको टाळ-वीणा,*
*नको अश्रू कोणा, ढाळू देऊ.*

"आमच्या गावात कौसाबाई म्हणून विधवा होती," ते म्हणाले. "विहिरीत सापडली. तिच्या घरचे माझ्या पाया पडले. मी चिपळ्या हातात घेतल्या नाहीत. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरली तिला. मन दुखलं माझं, पण वचनापुढे मन काय! आजही माझं उत्तर तेच आहे. त्या माउलीला मी स्वतः सांगतो."

ते उठू लागले. आणि स्वयंपाकघराच्या दारात संजीवनी उभी होती.

"आबा," ती म्हणाली, "आधी आत या. एक मिनिट."

"त्या माउलीला सांगून आल्यावर."

"आत्ता!"

तीन वर्षांत तिनं सासऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. बुवा थबकले, आणि का कोण जाणे, निमूट आत आले. तिनं दार लोटलं. आतल्या खोलीत एक आई बसली होती, बाहेर दोन माणसं थांबली होती, आणि तिला कळत होतं की आता आपण तोंड उघडलं, तर जे तीन वर्षं उराशी धरून जपलं ते सगळं याच फरशीवर सांडेल. प्रबोधचं नाव... शवपेटीवरची ती फुलं... ते कीर्तन... सगळं! आणि नाही उघडलं तर? तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या बाईची पोर गाण्याशिवाय जाईल.

"आबा, प्रबोध कपडे काढायला गेले नव्हते."

बुवांची नजर खिडकीकडे गेली.

"मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. काठीवर कपडेच नव्हते त्या दिवशी. सगळे मशीनमध्ये होते."

"काय बोलतेस तू..."

"सात महिने ते झोपले नव्हते, आबा. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या. कामावर जायचे, हसायचे, तुम्हाला रविवारी फोन करायचे, आणि फोन ठेवला की तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचे. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली. आजार होता तो, आबा. कावीळ असते, मधुमेह असतो, तसा. पण त्यांना वाटायचं, हे पाप आहे. कौसाबाईची शवपेटी कुंपणाबाहेर नेताना त्यांनी पाहिली होती, आठ वर्षांचे असताना, तुमचं बोट धरून. झोपेत तेच दिसायचं त्यांना. एकदा मला म्हणाले, 'संजू, माझं काही झालं तर आबांना गाऊ दे. आबा माझ्यासाठी गायले नाहीत, तर मी कुठे जाऊ?'"

बुवांनी ओट्याचा आधार घेतला.

"त्या दिवशी मी इथेच उभी होते. भाजी चिरत होते. ते आले, माझ्याकडे बघून हसले... आणि मी पाठ वळवली, तेवढ्यात..." तिनं पदरासाठी हात नेला, अंगावर गणवेश होता, पदर नव्हता. "मी ओरडले नाही, आबा! मी धावले नाही! माझ्या कानांत एकच घुमत होतं, आबांना गाऊ दे, आबांना गाऊ दे... मी मशीन उघडलं. त्यांचे शर्ट काढले, एस्तेरचा युनिफॉर्म काढला. काठीवर ओवले. एक काठी बाहेर लावली, दुसरी अर्धी लटकत ठेवली, दिसावं म्हणून. आणि मग खाली धावले. चार मिनिटं, आबा. त्या घड्याळात पाहिलं मी. चार मिनिटं!"

घरात कुठेतरी एस्तेरची पेन्सिल खरखरत होती.

"तू नर्स आहेस," बुवा पुटपुटले. जणू हे त्यांना आजच कळत होतं.

"हो. मी नर्स आहे. पहिल्या वर्षाला शिकवतात आम्हाला, श्वास थांबला तर माणसाला वाचवायला चार मिनिटं असतात. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंच नसेल, लगेच गेले. पण डॉक्टर नंतर आले होते, आबा! त्या चार मिनिटांत ते श्वास घेत होते की नाही, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. मी त्यांचा हात धरायच्या ऐवजी त्यांचे शर्ट वाळत घालत होते... तुमच्या कीर्तनासाठी!"

आता मात्र ती कोसळली. ओट्याशी, फरशीवर, गुडघ्यांत तोंड घालून... आवाज न करता. सवयच झाली होती तशी.

बुवांनी आपल्या गळ्याला हात लावला. या देहाला, या गळ्याला, या जिभेला लोकांनी हार घातले होते! आणि याच गळ्यातल्या चार ओळींनी आपल्या लेकराला जिवंतपणी कुंपणाबाहेर उभं केलं होतं. याच चार ओळींनी या मुलीचे हात बांधले होते, जेव्हा तिला धावायचं होतं! आणि तीन वर्षं... तीन वर्षं रोज संध्याकाळी आपण तिला काय म्हणत होतो!

ते हळूहळू खाली बसले. सत्तरीचे गुडघे कटकन वाजले.

"तू मला त्याच वेळी का नाही सांगितलंस, पोरी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गायला असतात?"

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं.

"माझ्यावरचा राग तुम्हाला पेलत होता, आबा," ती हुंदका गिळत म्हणाली. "त्यांच्यावरचा पेलला नसता. म्हणून म्हटलं, असू दे. माझ्यावरच असू दे."

बुवांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. सून म्हणून घरात आली त्या दिवशी ठेवला होता, त्यानंतर आजच.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. निशिकांत उठून उभा राहिला. "बुवा? मग सविताबाईंना..."

"निशिकांत, तुझ्या कागदावर किती वचनं आहेत?"

"अकरा."

"त्यातलं एक तरी वाचताना तुला रडू आलं?"

निशिकांत गोंधळला. "नाही... म्हणजे, मी ते शोधत होतो. वाचत नव्हतो."

"मग घरी जाऊन वाच, बाळा. मीही शोधतच होतो. चाळीस वर्षं." ते खुर्चीत बसले. "यहूदाचं वचन मी मोठ्यानं गायलो आणि एलीयाचं पुटपुटलो. वचनात खोट नव्हती रे... माझ्या गळ्यात होती. शनिवारी कीर्तन होईल. मी करीन. आणि तुझी ती भीती, सात पोरांची, ती खरी आहे. ती मी विसरलेलो नाही. त्या सातांना शनिवारी पहिल्या रांगेत बसव."

मग ते आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"सविताबाई," ते म्हणाले, "तुमच्या लेकीला कुठली चाल आवडायची?"

त्या माउलीनं वर पाहिलं. तोंडाला पदर लावला. आणि मंगळवारपासून अडलेलं ते रडू फुटलं... संजीवनीनं तिला कुशीत घेतलं तेव्हा कोण कोणाला धरून आहे, हे सांगता आलं नसतं!

शनिवारी सकाळी धूर जरा विरळ होता. मंडाईच्या छोट्या हॉलमध्ये तीसेक माणसं. पुढे उल्काची शवपेटी, त्यावर पांढरी फुलं. पहिल्या रांगेत क्लेमेंटीची सात मुलंमुली, खांद्याला खांदा लावून. संजीवनी बाजाची पेटी घेऊन साथीला बसली. तिच्या मनात एकच धाकधूक होती: आबा आज काय बोलतील? सगळं सांगतील का? पोलिसांच्या कागदावर तिची सही होती. एस्तेर मागे बसली होती. पण तिनं त्यांना 'सांगू नका' असं म्हटलं नव्हतं. आता जे होईल ते होवो, तिनं ठरवलं होतं. माझ्याजवळ झाकायला हात उरलेले नाहीत.

बुवांनी नमन केलं. पूर्वरंगात त्यांनी एलीया घेतला: तो धिप्पाड संदेष्टा, ज्यानं राजांना घाबरवलं, तोच एके दिवशी रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, आता पुरे झालं, माझा जीव घे. "आणि देवानं काय केलं?" बुवांनी विचारलं. "आज्ञा वाचून दाखवल्या? नाही हो! दूत पाठवला. दूतानं त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, उठ, खा. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई!" आणि आदल्या दिवशी बसून रचलेला अभंग त्यांनी उचलला. आवाज जुना होता, पण त्यात काहीतरी वाकलेलं होतं:

*झुडुपाच्या तळी, निजला दमून,*
*आलास घेऊन, भाकर तू...*
*नाही विचारिले, का रे तू थकला,*
*हात फिरविला, पाठीवरी.*

चिपळ्या थांबल्या. आता उत्तररंग. सगळे आख्यानाची वाट पाहू लागले. संजीवनीनं सूर धरून ठेवला. भात्यावरचा हात दुखू लागला, तरी सोडला नाही.

"माझ्याकडे आज आख्यान नाही," बुवा म्हणाले. "उल्काकडे दूत पोचला नाही, कारण दूत म्हणून ज्यांना पाठवलं होतं, ते आपण कुठल्यातरी कामात होतो. एवढंच आख्यान. आणि एक सांगायचं आहे. माझ्या प्रबोधच्या कीर्तनात याच मंडळीसमोर मी माझ्या सुनेवर दोष ठेवला. तो दोष तिचा नव्हता. माझा लेक आजारी होता, खूप दमला होता, आणि त्याच्या बापाच्या तोंडून त्यानं लहानपणी एक असं गाणं ऐकलं होतं की घरी येऊन 'दमलो' म्हणायला तो भ्याला. ते गाणं मी रचलं. आजपासून ते मेलं. कौसाबाईसाठी मी गायलो नाही, तेही माझंच पाप."

चार मिनिटांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ते त्यांनी आपल्या छातीत ठेवून घेतलं, कायमचं. संजीवनीला समजलं. जे ओझं तिनं एकटीनं वाहिलं होतं, त्याची दुसरी बाजू म्हाताऱ्यानं खांद्यावर घेतली होती.

मग ते पहिल्या रांगेकडे वळले. "पोरांनो, जे झालं ते चांगलं झालं असं मी म्हणत नाही. या माउलीकडे बघा, म्हणजे कळेल किती वाईट झालं. पण दमलात तर सांगा रे! बेडोकला माझं घर आहे. नववा मजला. पाप की पुण्य, ते विचारणार नाही. आधी भाकर वाढीन."

एवढं बोलून बुवा वळले, आणि भर हॉलमध्ये सुनेपुढे हात जोडून वाकले.

"आबा, नका हो... नका!" सूर तुटला. संजीवनी पेटी सोडून उठली, तिनं त्यांचे हात धरले, आणि सासरा-सून लेकरांसारखी रडली.

परतताना बसमध्ये एस्तेर दोघांच्या मध्ये बसली होती.

"आजोबा," ती शेवटी म्हणाली, "सो मम्मीनं पप्पांना सांगितलं नव्हतं, क्लोथ्स काढायला?"

"नाही, बाळा."

"देन व्हाय यू एव्हरी डे से लाइक दॅट?"

"कारण आजोबांना फार दुखत होतं, आणि जवळ तुझी आईच होती."

"दॅट्स व्हेरी मीन, लाह," ती तिथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

"हो," बुवा म्हणाले. "फार."

एस्तेरनं खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच, कुणी पाहत नाही असं बघून, तिनं आपलं डोकं आईच्या दंडाला टेकवलं. त्या एवढ्याशा भारानं संजीवनीला वाटलं, आपल्याला पुन्हा वजन आलं, आपण पुन्हा जमिनीवर आलो...

ते शर्ट अजून येतात. खोटं कशाला सांगू? तिन्हीसांजेला बाह्या भरतात, पाणी ठिबकतं. काही गोष्टी क्षमा झाली तरी घर सोडून जात नाहीत. पण आता त्या घटकेला बुवा स्वयंपाकघरात येतात, स्टूल ओढतात, आणि सुनेच्या शेजारी बसतात. ती घड्याळाकडे बघते, ते तिच्याकडे. चार मिनिटं होतात. मग बुवा म्हणतात, "चल पोरी, चहा टाक," आणि ती उठते.

सविताबाई रक्षा घेऊन मिरजेला परतल्या. तिकडच्या मंडळीनं त्यांच्या लेकीसाठी उपासना केली, की दारं लावून घेतली, ते काही कळलं नाही. बुवांनी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. म्हणून तुम्हाला एवढं जवळ बोलावलं. आज घरी जाल, दिवा लावून प्रार्थनेला बसाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी आणखी एक नाव घ्या. मोठ्यानं नको असेल तर मनात घ्या. उल्का आवळे. पंचवीस वर्षांची होती. तिला गाणं फार आवडायचं.